त्यांना सांगावं लागतं?

सुट्टीत पुण्याला आले की एक प्रश्न ठरलेला. "जपानी पोरांना परदेशी शिकायला जा म्हणून सांगावं लागतं? इथे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून जीआरईचे क्लास लागतात!" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो, लागतं.

मी योकोहामाजवळच्या एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. ही पिढी 'उचिमुकी' म्हणजे घरकोंबडी झाली, असं तिकडे सर्रास बोललं जातं. 1997-98 मध्ये अमेरिकेत 47 हजारांवर जपानी विद्यार्थी होते, 2023-24 मध्ये 14 हजारसुद्धा नव्हते, हे खरंच. पण मुळात पोरंच कमी जन्मली, त्याला ती काय करणार? वर येन आपटला. 2021 मध्ये डॉलरला 110 च्या आसपास मोजावे लागत, 2024 च्या जुलैत 160 च्या पुढे. आणि मुलांना बोल लावणाऱ्यांपैकी कितीजण स्वतः बाहेर शिकले, हे एकदा विचारायला हवं.

माझ्या मते खरी मेख कॅलेंडरमध्ये आहे. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. जानेवारीच्या मध्यावर सामायिक प्रवेश परीक्षा, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या अर्जांची मुदतही त्याच सुमाराला. पुढे मोठ्या कंपन्या विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षातली मुलं घाऊक निवडतात आणि सगळी एक एप्रिलला एकदम रुजू होतात. ही गाडी चुकली तर पुढची कधी, याचीच धास्ती.

हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्या अकरावीला, मुलांकडून पुढे काय करणार याचा कागद भरून घेतात. पसंतीचे तीन रकाने. गेल्या वर्षी एका मुलीचा तिसरा रकाना कोरा दिसला. कागद जरा तिरपा धरला तर पेन्सिलीनं लिहून खोडलेली दोन जपानी अक्षरं उमटलेली होती: 'परदेश'. मी तिला काही बोलले नाही.

त्या आठवड्यात वर्गात पाकिटातल्या तीन नोटा काढून फळ्याला लावल्या. 2024 च्या जुलैत आलेल्या, नव्या. दहा हजार येनवरचे उद्योगपती शिबुसावा 1867 मध्ये पॅरिसला गेले होते. पाच हजारांवरच्या, पुढे मुलींच्या शिक्षणासाठी झटलेल्या त्सुदा उमेकोला 1871 मध्ये सहाव्या वर्षी अमेरिकेच्या जहाजात बसवलं. हजारावरचे जंतुशास्त्रज्ञ कितासातो बर्लिनला रॉबर्ट कॉख या जर्मन जंतुशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत शिकले. "सेन्सेई (म्हणजे बाई), आमच्याकडे हजाराचीच असते," मागून एकजण म्हणाला, आणि वर्ग हसला. ती मुलगी मात्र पाच हजारांच्या नोटेकडे बघत होती. (तास संपल्यावर नोटा आधी मोजून घेतल्या.)

मग शिक्षक, पालक, मूल अशी तिघांची बैठक झाली. आई मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली. पहिला प्रश्न फीचा येईल असं वाटलं होतं, आला नोकरीचा. मी बोस्टन करिअर फोरमचं सांगितलं: परदेशात शिकणाऱ्या जपानी मुलांना घ्यायला जपानी कंपन्याच तिकडे जातात. सरकार आणि उद्योगांनी मिळून चालवलेल्या 'तोबिताते' योजनेतून हायस्कूलच्या मुलांनाही थोड्या दिवसांसाठी जाता येतं, आधी तेवढं करून बघा म्हटलं. आईनं सगळं वहीत उतरवून घेतलं. मुलगी टेबलाकडे बघत होती.

उठता उठता आईनं हळूच विचारलं, "सेन्सेई, तुमच्या आईनं तुम्हाला कसं सोडलं?"

"सोडलंय कुठे?" मी म्हटलं. "रोज रात्री फोन असतो, जेवलीस का म्हणून."

तेव्हा कुठे ती मुलगी हसली.