नळ आला आणि माईक पळाला

आमच्या पॉडकास्टचा पाण्यावरचा भाग होता, पण नळाचा दिवस धरून रेकॉर्डिंग ठेवलं नव्हतं. शहागंजमधलं जुनं घर, दुपारचे अडीच. समोर घरच्या खाला आणि सिडकोतून आलेले निवृत्त लाईनमन काका.

आधी पंखा बंद, मग फ्रिजचा प्लग काढला आणि माझ्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. किल्ली घ्यायला गेलं की प्लग आठवतो, नाहीतर लोकांचं दूध नासतं. त्यानंतर रिकाम्या खोलीचा 30 सेकंद आवाज. कापाकापीत सांधे झाकायला तो लागतोच. खालांच्या ओढणीला कॉलर माईक लावला, पण ओढणी घासते, म्हणून तारेला सैल वळसा देऊन टेप. आवाजाची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास, आणि दुसऱ्या ट्रॅकवर तोच आवाज आणखी 10 डेसिबलनं खाली.

काका जायकवाडीच्या जुन्या दोन लाईन समजावत होते, 700 आणि 1400 मिलिमीटरच्या. "फुटलेली लाईन जोडली म्हंजे झालं नाही. रिकामी लाईन हळूहळू भरा, आतली हवा काढा, मग टाक्या भरा, मग एकेक व्हॉल्व्ह. घाई केली की दुसरीकडं फुटती." ते बोलताना शहराला संभाजीनगर म्हणत होते, खाला औरंगाबाद. यातलं काहीच आम्ही कापत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडचं नाव दुरुस्त करणं हे आमचं काम नाही.

तेवढ्यात गल्लीतून ओरडा आला, नळ आला! खाला माईकसकट जिन्याखाली. मी रेकॉर्डर चालूच ठेवला. माईकची तार फक्त अंगावरच्या ट्रान्समीटरपर्यंत, पुढं बिनतारी; मध्ये दोन भिंती आल्या की आवाज तुटतो, म्हणून रिसीव्हर घेऊन मी जिन्याच्या तोंडाशी उभा. कानात ऐकू येत होतं: आधी पाईपातली हवा फुसफुसली, मग बादलीच्या तळावर धार. "मोटर अब्बी नको, पैले गंदा पानी जाने दो." पाच मिनिटांनी मोटर लागली, आणि भिंतीपलीकडून शेजारीण मराठीत कडाडली, "तुमच्या मोटरीनं आमच्याकडं थेंब नाही!" खालांनी तितक्याच जोरात उत्तर दिलं. मुख्य ट्रॅकवर आवाज फाटला. खालचा ट्रॅक होता म्हणून शब्द वाचले.

वर काका शांतपणे म्हणाले, "लाईनला थेट मोटर लावली की शेवटच्या घराचा दाब जातो. पाण्याचं राजकारण इथंच चालू होतं." 2020 च्या एप्रिलमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासक. असली भांडणं पूर्वी नगरसेवकाच्या दारात जायची, ती गल्लीतच मुरली. पुढचा अर्धा भाग मग यावरच झाला.

मोटरीची घरघर 50 हर्ट्झची. 80 च्या खालचं कापलं तरी 100 आणि 150 वर ती राहतेच. तिथं अरुंद काप दिले, पण जास्त खोल नाही. नाहीतर माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. काकांचं वाक्य खोलीतल्या आवाजावर बसवलं.

अडचण शेजारणीची होती. तिनं संमती दिली नव्हती, तिला माईक आहे हेही माहीत नव्हतं. अख्ख्या भागातला सगळ्यात जिवंत तुकडा, आणि तो वापरायचा हक्क नाही. दुसऱ्या दिवशी हेडफोन घेऊन तिच्या दारात गेलो, तुकडा ऐकवला. तिनं दोनदा ऐकला. म्हणाली, "माझं ठेवा. तिनं शेवटी शिवी घातली ती काढा, पोरं ऐकतात तिची."

शिवी काढली. खालांना विचारूनच.