गेटिसबर्गच्या रानात हिरव्या गणवेशाच्या मागावर

गेटिसबर्गला येणारे बहुतेक प्रवासी आधी लिटल राउंड टॉप टेकडी गाठतात. पण अमेरिकेच्या यादवी युद्धात नेमबाजांच्या पलटणींनी नेमके काय साधले हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने पिट्झर्स वूड्सपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. पेनसिल्व्हेनियातल्या या गावाच्या नैर्ऋत्येला असलेल्या या रानात दक्षिणेच्या जनरल लाँगस्ट्रीट यांचा अश्वारूढ पुतळा चौथऱ्याविना थेट जमिनीवर उभा आहे. लोक त्याच्याशेजारी छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. मी मात्र झाडांमध्ये बराच वेळ रेंगाळलो.

गेटिसबर्गच्या लढाईत, २ जुलै १८६३ रोजी दुपारच्या सुमारास उत्तरेच्या सैन्यातले कर्नल हायरम बर्डन आपले सुमारे १०० नेमबाज आणि मेन या उत्तरेच्या राज्यातल्या तिसऱ्या रेजिमेंटचे सुमारे २०० शिपाई घेऊन येथे टेहळणीसाठी शिरले. हे नेमबाज निवडून घेतलेले होते. १८६१ मध्ये भरती होताना प्रत्येकाला २०० यार्डांवरून १० गोळ्या झाडाव्या लागत आणि केंद्रबिंदूपासून त्या सगळ्यांच्या अंतरांची बेरीज ५० इंचांच्या आत राहावी लागे. गणवेश गर्द हिरवा आणि हाती शार्प्स रायफल. तिच्यात काडतूस नळीच्या तोंडातून नव्हे, तर मागच्या बाजूने भरायचे असल्यामुळे शिपायाला जमिनीवर पालथे पडूनही पुन्हा पुन्हा बार करता येत असे, आणि रानातल्या चकमकीत याहून मोठा फायदा तो कोणता! दक्षिणेच्या अलाबामा राज्यातल्या ब्रिगेडशी त्यांची सुमारे २० मिनिटे झुंज झाली, मग त्यांना मागे हटावे लागले. तथापि शत्रू या बाजूला जमतो आहे ही बातमी उत्तरेचे जनरल सिकल्स यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांनी आपली कोअर, म्हणजे अनेक ब्रिगेडची मोठी फौज, हुकमाशिवाय पीच ऑर्चर्डपर्यंत पुढे नेली. तो निर्णय योग्य की घातक, यावर आजही वाद चालतो. मला तो घातक वाटतो, पण त्याचा दोष बातमी आणणाऱ्यांवर जात नाही.

डेव्हिल्स डेनच्या प्रचंड खडकांमध्ये दक्षिणेच्या नेमबाजांनी आसरा घेतला होता. दोन शिळांच्या मधली फट बंद करणारी रचीव दगडांची भिंत आजही तिथे दिसते, आणि तिच्यामागे वाकून पाहिले की समोर लिटल राउंड टॉपचा माथा येतो. त्या माथ्यावर पडलेले उत्तरेचे जनरल वीड आणि तोफखान्याचे लेफ्टनंट हॅझलेट याच खडकांतून आलेल्या गोळ्यांना बळी पडले, असे परंपरेने सांगतात. अलेक्झांडर गार्डनर यांच्या छायाचित्रामुळे ही जागा जगभर पोहोचली. मात्र त्यातल्या मृत शिपायाचा देह सुमारे ४० यार्डांवरून उचलून आणून तिथे मांडला होता आणि शेजारची बंदूक नेमबाजाची नव्हतीच, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. एका अनाम तरुणाच्या मरणाची अशी मांडामांड झाली, याचे मला फार वाईट वाटले.

याहून मोलाचे काम स्लायडर यांच्या शेतावर झाले. उत्तरेच्या दुसऱ्या नेमबाज रेजिमेंटने तिथल्या दगडी कुंपणांआडून अलाबामाच्या शिपायांना हैराण केले आणि मागे हटताना त्यांतल्या काहींना बिग राउंड टॉप टेकडीच्या चढावर ओढून नेले. पंधराव्या अलाबामाचे २२ जण सर्वांसाठी पाणी आणायला गेले होते, ते परतण्याआधीच चढाईचा हुकूम सुटला होता. त्यामुळे तहानेने व्याकूळ झालेली ही माणसे लिटल राउंड टॉपच्या टोकाशी विसाव्या मेन रेजिमेंटसमोर आली, तेव्हा पुरती थकलेली होती. माघार घेतलेले थोडे नेमबाज विसाव्या मेनच्याच कॅप्टन मॉरिल यांच्या बी कंपनीला एका दगडी भिंतीमागे जाऊन मिळाले होते, आणि मेनच्या शिपायांनी संगिनी रोखून उतारावर धाव घेतली त्या क्षणी त्यांनी बाजूने गोळीबार सुरू केला. ती जागा विसाव्या मेनच्या स्मारकापासून थोडी पूर्वेला आहे. तिथे जायला वेळ नक्की काढावा.