गुवाहाटीत केळफुलाचे बॉर

केळफूल निवडायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या रत्नागिरीच्या घरी काळे वाटाणे घालून केळफुलाची भाजी व्हायची आणि आदल्या रात्री फुलं निवडून ताकात टाकायचं काम मुलींच्याच वाट्याला यायचं. गुवाहाटीत आल्यावर घरमालकीणबाईंनी (त्यांना मी खुरी म्हणते, म्हणजे काकू) ‘कॉलडिलर बॉर’ करायला बोलावलं. कॉलडिल म्हणजे केळफूल. बॉर पाहिले की आपल्याला भजी आठवतात, पण करताना त्यांची जात वेगळी आहे हे कळतं.

बेलतोल्याचा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. ढेकिया, म्हणजे नेच्याच्या कोवळ्या वळलेल्या शेंड्यांची भाजी, आणि तऱ्हेतऱ्हेचा पाला घेऊन बसलेल्या बायकांपाशी केळफुलंही असतात. खुरींनी पहिला प्रश्न विचारला तो झाडाचा. आठियाकॉल किंवा भीमकॉल असेल तर घ्यायचं. या दोन्ही बियांच्या केळी. मालभोग केळं खायला गोड, पण त्याचं फूल खुरींच्या मते कडू. मग फूल हातात तोलून बघायचं, दाबून बघायचं. घट्ट मिटलेलं आणि आकाराच्या मानानं जड तेच पिशवीत.

निवडायची रीत आपलीच. हाताला मोहरीचं तेल चोळायचं, जांभळी सालं एकेक उलगडायची, प्रत्येक फुलातली डोक्याला गाठ असलेली ताठ काडी आणि बुडाशी असलेला पारदर्शक पापुद्रा काढायचा. दोन्ही शिजत नाहीत, दाताखाली येतात. आत जावं तसं फूल कोवळं होत जातं आणि शेवटी उरलेला पांढरा गाभा नुसता चिरायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यावर काही युक्ती नाही. गप्पा मारायला कुणी असलं की निभतं.

पुढे मात्र खुरींची वाट निराळी. ताक नाही, रात्रभर भिजवणं नाही. बारीक चिरलेलं फूल चिरता चिरताच मीठ-हळदीच्या पाण्यात, नाहीतर ते बघता बघता काळं पडतं. अर्ध्या तासानं उपसून, त्यावर आणखी थोडं मीठ चोळून, मुठीत धरून पिळायचं. तपकिरी चिकट पाणी निघतं, त्याबरोबर तुरटपणाही बराच जातो. पुन्हा पिळायचं. मला वाटतं, बॉर जमणं न जमणं या पिळण्यावरच आहे. फूल ओलं राहिलं की मिश्रण पातळ होतं, पातळ झालं की पीठ वाढवावं लागतं, आणि पीठ वाढलं की मग ते काहीही असो, केळफुलाचं राहत नाही.

एका मध्यम फुलाला अर्धी वाटी मसूर डाळ. दोनेक तास भिजवून, पाणी न घालता भरड वाटायची. त्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, आलं, लसूण, कोथिंबीर आणि कुरकुरीतपणासाठी दोन चमचे तांदळाची पिठी. मीठ चाखूनच घालायचं, फुलात आधीच मुरलेलं असतं. काही घरांत डाळीऐवजी बेसन घालतात. मी दोन्ही खाल्लं आहे आणि मला बेसनाचं पटत नाही. त्याची चव पुढे पुढे करते. भज्यात भाजी पिठात बुडते. इथे मिश्रणात फूल जास्त आणि डाळ फक्त ते धरून ठेवण्यापुरती, हे प्रमाण सोडायचं नाही.

तेल मोहरीचं. धूर येईपर्यंत तापवायचं, मग आच कमी करून थोडं निवू द्यायचं, म्हणजे घशाला लागणारा उग्रपणा जातो. तळहातावर चपटे थापून सोडायचे. गोल गोळे केले तर बाहेरून लाल आणि आत कच्ची डाळ. कडा तपकिरी झाल्याशिवाय उलटायचे नाहीत, सुटतात. खुरींच्या घरी हे दुपारी डाळ-भाताबरोबर वाढतात. मला विचाराल तर पावसात लाल साह, म्हणजे बिनदुधाचा चहा, हीच त्यांची खरी जोडी. याच हातानं त्या बकफुलाचेही बॉर करतात. ते फूल म्हणजे आपला हादगा, हे पाहून मला उगाचच माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

उरलेले बॉर दुसऱ्या दिवशी टेंगात, म्हणजे आंबट पातळ रश्शात जातात. त्यासाठी मुद्दाम केलेले डाळीचे बॉरच बरे, असं खुरी म्हणतात, कारण ते रश्शात टिकतात. केळफुलाचे घालायचे तर गॅस बंद केल्यावर, अगदी वाढायच्या आधी. आंबटपणाला थेकेराच्या सुकवलेल्या चकत्या. थेकेरा आपल्या कोकमाच्याच कुळातला, त्यामुळे तो नसेल तेव्हा मी रत्नागिरीहून आणलेली चार आमसुलं टाकते. रंग लाल येतो, त्याला खुरी नाक मुरडतात, पण वाटी रिकामी करतात.