अर्धा आटा सैल

नमुना कुंडाचा, पण उबवला उकिरड्यात. हे रजिस्टरमध्ये कसं लिहायचं, तीन आठवडे झाले, मला ठरवता येत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. पैनगंगा ओलांडली की किनवट तालुक्यात उनकेश्वरचं गरम पाण्याचं कुंड. कातडीचे आजार बरे होतात म्हणून लोक तिथे अंघोळीला येतात. आम्ही थर्मास आणि बाटल्या घेऊन गेलो. शोध होता उष्णताप्रेमी जीवाणूंचा, ज्यांचं अमायलेज नावाचं एन्झाइम कढत पाण्यातही स्टार्च तोडतं. आमची मुलं कापसाच्या घरातली, त्यांना याचा उपयोग समजावावा लागत नाही. विणताना तुटू नये म्हणून ताण्याच्या सुताला स्टार्चची कांजी चढवतात, आणि ती पुरती निघाली नाही तर कापडावर रंग डागाडागांनी बसतो. कापडाला धक्का न लावता ती काढायचं काम अमायलेजचं. शिवाय मी अमेरिकेतल्या यलोस्टोनची गोष्ट सांगतोच: तिथल्या गरम झऱ्यातला थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जीवाणू १९६९ साली ब्रॉक आणि फ्रीझ यांनी जगापुढे आणला, त्यातला फ्रीझ तेव्हा विद्यार्थीच होता, आणि त्याच जीवाणूच्या एन्झाइमवर पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र, चाललं. मुलांचे डोळे चमकतात. माझेही.

साठ अंशांवर काम म्हणजे सुकण्याशी भांडण. जीवाणू वाढवायच्या प्लेटमधल्या अगारच्या जेलीचा दोन दिवसांत पापड होतो. म्हणून अगार दुप्पट घालायचं, प्लेटा पन्नीत गुंडाळायच्या, इनक्युबेटरच्या तळाशी पाण्याची वाटी ठेवायची. वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह दोन वर्षं दुरुस्तीच्या मंजुरीत अडकलाय. माध्यम, म्हणजे जीवाणूंचं खाद्य, आम्ही घरच्या कुकरमध्ये निर्जंतुक करतो. आणि नळीचं झाकण घट्ट लावायचं नाही, अर्धा आटा सैल, आत हवा जायला पाहिजे, हे मी दर वर्षी घसा कोरडा करून सांगतो.

मे महिन्यात, शुक्रवारी रात्री वादळानं खांब पाडले. वीज गेली ती सोमवारपर्यंत. कॉलेजचा इन्व्हर्टर ऑफिसच्या कॉम्प्युटरपुरता. जीवाणूंचा त्यावर हक्क नाही. माध्यमात कुंडाचं पाणी घालून उबवायला ठेवलेल्या नळ्या गेल्या असंच मी धरून बसलो होतो. सोमवारी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी स्टीलचा डबा घेऊन दारात उभी.

"सर, नळ्या घरी नेल्या होत्या. खताच्या ढिगात ठेवल्या."

शेण आणि सोयाबीनच्या कुटाराचा ढीग, आठवड्यापूर्वीच उलटवलेला. तिच्या घरी जाऊन मी लांब थर्मामीटर खुपसला: ५८. तिचे बाबा बाजूला उभे राहून हसत होते. "सर, हात घालून पाहा ना, आतून कसा जाळ निंगते ते."

खरं सांगतो, आमच्या इनक्युबेटरला इतकं स्थिर तापमान धरताना मी पाहिलेलं नाही.

चारही नळ्या गढूळ झाल्या होत्या. स्टार्च अगारवर पसरवल्या आणि बुधवारी सकाळी आयोडीन ओतलं. स्टार्च होता तिथे प्लेट निळीकाळी झाली. फक्त चौथ्या नळीच्या प्लेटवर चपट्या, कोरड्या, कडा फाटलेल्या जीवाणूंच्या वसाहतींभोवती स्वच्छ पारदर्शक कडी उमटली, बांगडीएवढी नसली तरी अंगठीएवढी नक्की. त्यांचा अर्क ८० अंशांवर अर्धा तास ठेवला, तरी स्टार्च तुटत होता. ती टाळ्या वाजवत होती. मी विचारलं, "झाकणं घट्ट केली होतीस ना?"

"नाही सर. अर्धा आटा सैल. तुम्हीच सांगता ना."

"आणि कोरी नळी?" म्हणजे जिच्यात नुसतं माध्यम असतं, पाणी घातलेलं नसतं.

"त्यात तर काही नव्हतंच. ती कशाला नेऊ?"

ती एक नळी डब्यात असती आणि नितळ राहिली असती, तर सैल झाकणातून ढिगातलं काही आत गेलं नाही हे कळलं असतं आणि मी आज शांत झोपलो असतो. पोरीला रागवावं तर कुंडाचं उरलेलं पाणी सिंकमध्ये ओतणारा मीच.

मग ढिगातलं चिमूटभर खत पसरवून पाहिलं: तशाच कडा, तशीच कडी. कुंडावर पुन्हा दोनदा गेलो. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा एकच वसाहत. तसंही ज्या पाण्यात माणसं बसून अंघोळ करतात, ते साठ अंशांचं कुठून असणार? जिओबॅसिलससारख्या उष्णताप्रेमी जीवाणूंचे बीजाणू तर थंड मातीतही सापडतात, वाऱ्यानं कुठेही पोचतात. पुण्याला डीएनए पाठवला तरी नाव कळेल, गाव कळणार नाही.

एक सहकारी म्हणाले, "कुंड लिहा. उकिरड्यावरचा पेपर कोण छापतो?" आपल्याकडच्या संशोधनाचं दुखणं या एका वाक्यात आहे, आणि ते गंमत करत नव्हते. विद्यार्थिनी मात्र म्हणते, "दोन्ही लिहू सर." रजिस्टरमध्ये नमुना कुठला ते लिहायच्या रकान्यात एकाच शब्दापुरती जागा आहे. सध्या तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह आहे.

ढिगाचा आणखी नमुना घ्यायला परवा गेलो, तर तिच्या बाबांनी खत वावरात टाकून दिलं होतं. पेरणी तोंडावर आली आहे.