भुताच्या दफनभूमीकडे मुलांना घेऊन जाता, भीती नाही वाटत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही वाटत. शिकागोला आलेले पाहुणे विचारतात, पुण्याहून मावशी फोनवर विचारते, मुलांच्या मित्रांचे आईवडीलही विचारतात. सुट्टीच्या दिवशी आम्ही जंगलात लपवलेले डबे शोधत हिंडतो याचं सगळ्यांना कौतुक असतं. पण बॅचलर्स ग्रोव्ह या जुन्या दफनभूमीचं नाव निघालं की मावशीचा आवाज एकदम खाली येतो. "अगं, पोरांना कशाला तिकडे नेतेस?"

आधी या खेळाबद्दल. याला लेटरबॉक्सिंग म्हणतात. कुणीतरी रानात एक छोटा डबा लपवतो. आत एक वही आणि एक रबरी शिक्का असतो, बहुतेक वेळा स्वतः कोरलेला. डब्यापर्यंत पोचायचं ते कोड्यावरून. आपणही आपला शिक्का, वही आणि शाईचं पॅड घेऊन जायचं. डबा सापडला की त्यातल्या वहीत आपला शिक्का उमटवायचा, आपल्या वहीत त्यांचा घ्यायचा आणि डबा होता तसाच झाकून ठेवायचा. बक्षीस वगैरे काही नाही. हे सुरू झालं ते असं: इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर 1854 साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत येणाऱ्यांनी तिच्यात आपलं नावाचं कार्ड टाकायचं. पुढे लोक स्वतःच्या पत्त्याची पत्रं ठेवू लागले आणि पुढचा येणारा ती टपालात टाकू लागला. अमेरिकेत हे वेड पसरलं ते 1998 मध्ये स्मिथसोनियन मासिकात लेख आल्यानंतर. जीपीएसवर असेच डबे शोधायचे ते जिओकॅशिंग 2000 सालचं, म्हणजे या घराण्यातलं शेंडेफळ. मला जुनंच आवडतं, कारण त्यात मोबाइलची गरज नसते, आजूबाजूला नीट पाहावं लागतं.

आता ती दफनभूमी. शिकागोच्या नैर्ऋत्येला मिडलोथियन गावाजवळ रुबिओ वुड्स नावाचं राखीव जंगल आहे, त्याच्या कडेला ही जेमतेम एकरभर जागा. 1840 च्या दशकापासून आसपासच्या वस्तीतली माणसं इथे पुरली गेली. शेजारून जाणारा रस्ता पुढे गाड्यांसाठी बंद झाला, राबता गेला, आणि मग गोष्टी सुरू झाल्या. बाळाला घेऊन फिरणारी पांढऱ्या कपड्यांतली बाई, जवळ गेलं की नाहीसं होणारं घर, निळा दिवा. 1991 साली घोस्ट रिसर्च सोसायटी या भुतांचा शोध घेणाऱ्या संस्थेच्या लोकांनी इथे इन्फ्रारेड फिल्मवर एक फोटो काढला, त्यात थडग्यावर बसलेली एक बाई दिसते. तो शिकागो सन-टाइम्स या वर्तमानपत्रात छापून आला आणि ही जागा जगभर गाजली.

भूत असतं की नसतं यावर मी वाद घालत नाही. ज्याला दिसलं त्याला दिसलं. पण त्या फाटकातून आत गेल्यावर जे दिसतं, ते जिवंत माणसांनी केलेलं आहे. 1960 आणि 70 च्या दशकांत रात्री दंगा करायला येणाऱ्यांनी दगड पाडले, रंगवले, पळवले, शेजारच्या तळ्यात ढकलले. कबरी उकरल्यासुद्धा. आज दगड उरलेत ते थोडे. मला संताप येतो तो याचा. कुणाच्या तरी पणजी-पणजोबांची ती जागा आहे.

उरलेल्यांत एक अगदी छोटा दगड आहे. नाव नाही, फक्त 'इन्फंट डॉटर' एवढंच कोरलंय. एका घरातली तान्ही मुलगी. येणारे लोक तिच्यासाठी खेळणी ठेवून जातात. आम्ही गेलो तेव्हा पावसाने रंग उडालेली एक मोटार होती, मण्यांची माळ होती, नाणी होती. माझ्या धाकट्याने विचारलं, "आई, ही मोटार घेऊ?" मोठीच म्हणाली, "ती तिची आहे." तो लगेच मागे सरकला. कुणाचं आहे ते तिथेच राहू द्यायचं, हे त्यांना या खेळाने शिकवलंय. डबा हाती आला तरी तो आपला होत नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलंय.

आणि डबा दफनभूमीत नसतोच. निदान आम्ही तसला शोधत नाही. चांगला कोडंकार आधी जागेच्या मालकाची परवानगी घेतो आणि डबा बाहेर, झाडीत ठेवतो. थडग्यांचा उपयोग फक्त वाचण्यापुरता: अमक्या दगडावरच्या सालातला शेवटचा आकडा घ्या, बाहेर या, वाटेवरच्या दुभंगलेल्या ओकपासून होकायंत्र धरून तितकी पावलं चाला. कसलाही दगड हलवायचा नाही, काही उकरायचं नाही. जिथे कोडं आत हात घालायला लावतं, तिथून आम्ही परत फिरतो. माझं हे ठाम मत आहे आणि ओळखीच्या लेटरबॉक्सवाल्यांना मी ते सांगत असते.

साल शोधताना पोरं एकेक दगड वाचतात. शेवाळाने बुजलेली अक्षरं तिरप्या उन्हात जास्त स्पष्ट दिसतात, म्हणून आम्ही सकाळी लवकर जातो. मुलं आपसात हिशेब करतात, हा किती वर्षांचा होऊन गेला, ही याची कोण. रात्री टॉर्च घेऊन भूत बघायला येणाऱ्या कितीजणांनी ही नावं वाचली असतील?

मावशीला चकव्याची भीती वाटते. तिच्या माहेरी कोकणात रानात चकवा लागलेल्या माणसांच्या गोष्टी तिने लहानपणी ऐकल्यात, आणि तिच्या काळजीला मी हसत नाही. तिला सांगते, मुलं होकायंत्र वाचतात, आम्ही मळलेली वाट सोडून लांब जात नाही, आणि सूर्यास्ताला जंगल बंद होतं त्याच्या कितीतरी आधी आम्ही घरी असतो. मला खरी धास्ती असते ती गोचिडांची. उन्हाळ्यात पँट मोज्यांत खोचायची, औषध फवारायचं आणि घरी आल्यावर कानामागे, काखेत, गुडघ्यामागे नीट तपासायचं.

तुम्हाला यायचं असेल तर ऑक्टोबरात या, पानं गळून वाट दिसते. येण्याआधी तुमचा शिक्का मात्र तयार ठेवा. मोठं खोडरबर आणि बारीक कोरणी पुरते. चित्र उलटं कोरायचं, नाहीतर अक्षरं आरशातल्यासारखी उमटतात.