आमची वाटचाल : तेरा इंची चाक आणि अठराची हवा

आमचं वर्कशॉप ज्या गावाबाहेर आहे त्याचं स्पेलिंग टोसेस्टर असं वाचता येतं, पण म्हणायचं टोस्टर, पाव भाजतात तोच. इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशर परगण्यातलं हे गाव. सिल्व्हरस्टोनचा रेस ट्रॅक इथून जवळच. २०११ मध्ये एका सुताराच्या शेडचा अर्धा भाग भाड्याने घेऊन मी आणि बायकोने टायरचं दुकान थाटलं. एक जॅक, एक जुनं बॅलन्सिंग मशीन आणि टायर काढायचं त्याहून जुनं मशीन. शिक्षण ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगचं, पण हात बसलेला कोल्हापुरात, मार्केट यार्डाजवळच्या बाबांच्या पंक्चर-रिमोल्डच्या दुकानात. पहिले सहा महिने शेजारपाजारच्या फिएस्टा, कोर्सा अशा साध्या छोट्या गाड्यांवर भाडं निघालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग एका शनिवारी ती गाडी आली. दारं नाहीत, छप्पर नाही, नाक लांब, पुढची चाकं बाहेर उघडी आणि त्यांच्या डोक्यावर सायकलसारखी मडगार्डं. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये लोटस सेव्हन काढली तिचं हे घराणं. १९७३ मध्ये लोटसने ती कॅटरहॅम नावाच्या कंपनीला देऊन टाकली आणि पुढे तिच्यासारख्या दिसणाऱ्या कितीतरी गाड्या निघाल्या. सुटे भाग खोक्यांत घरी येतात, मालक स्वतःच्या गॅरेजमध्ये वर्ष-दोन वर्षं खपून गाडी जोडतो. याला इकडे किट कार म्हणतात. आमच्याकडे आलेल्या गाडीचं वजन होतं साडेपाचशे किलो. मारुती ८०० सुद्धा तिच्यापेक्षा जड.

मालक निवृत्त शिक्षक. गाडीला १८५/६० आर १३ टायर होते, त्यांना १५ इंची रिम हवे होते. "दिसायला भारी," एवढंच कारण. मला वाटलं, सोपं काम. १९५/५० आर १५ बसवले, बॅलन्स केले, पैसे घेतले, चहा पाजला.

इथे थोडं गणित सांगतो, कारण तेव्हा मी ते केलं नव्हतं. १८५/६० आर १३ म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉल (कडेची उंची) त्याच्या ६० टक्के, १११ मिलिमीटर, आणि रिम १३ इंची. ती वर-खाली दोनदा धरायची आणि रिमचे ३३० मिळवायचे, पूर्ण चाक ५५२ मिलिमीटर. १९५/५० आर १५ चं असंच काढलं तर ५७६ येतं. फरक २४ मिलिमीटरचा, सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. चाक मोठं झालं की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते, पण स्पीडोमीटरला ते कोण सांगणार? तो खऱ्या साठ मैलाला साडेसत्तावन्न दाखवू लागला. स्वतः जोडलेली गाडी रस्त्यावर आणायला आयव्हीए नावाची सरकारी तपासणी पास व्हावी लागते. तिथे स्पीडोमीटरने थोडं जास्त दाखवलेलं चालतं, कमी दाखवलेलं एक काडीही चालत नाही. गाडी नापास.

दुसरी चूक याहून लाजिरवाणी. पुढचं सायकल मडगार्ड चाकाच्या नकलवरच, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी भागावरच, बसवलेलं असतं, ते चाकाबरोबर वळतं आणि चाकाबरोबरच वर-खाली होतं. त्यामुळे उभ्या गाडीत फट दिसली की झालं. मी पुढची फट बघितली आणि मागेही तेवढीच आहे म्हणून समाधान मानलं. मागचं मडगार्ड मात्र बॉडीला जोडलेलं, चाक त्याच्या आत खाली-वर होणार. मास्तर आणि त्यांच्या बाई दोघं बसून निघाले, पहिल्याच खड्ड्याला टायरने फायबरवर खरडून घेतलं. मडगार्डचं रंगकाम आणि फेरतपासणीची फी, दोन्ही मी माझ्या खिशातून भरली. ते बिल बायकोने भिंतीवर चिकटवून ठेवलंय, अजून आहे.

त्याच आठवड्यात मास्तरांची आणखी एक तक्रार होती. गाडी रस्त्यावर टणाटण उडते, वळणावर कुठे जाईल याचा नेम नाही. मी रात्री बाबांना फोन केला.

"किती वजनाची गाडी हाय?"

"साडेपाचशे किलो."

"आन् हवा किती मारलीस?"

"बत्तीस. सगळ्यांना मारतो तेवढीच."

"आरं, रिकाम्या टेम्पोला गुळाच्या ढेपा भरल्यागत हवा मारतोस व्हय? उडंल न्हाई तर काय करंल!"

बाबांनी आयुष्यात अशी गाडी पाहिली नव्हती, पण मुद्दा तोच होता. १८५/६० आर १३ वर बहुधा ८० हा भार निर्देशांक छापलेला असतो, म्हणजे एक टायर ४५० किलो पेलू शकतो. चार टायर अठराशे किलोचे आणि वर गाडी साडेपाचशेची. बत्तीसची हवा मारली की टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो, कडा हवेत. या गाड्यांना थंड टायरमध्ये अठरा ते वीस पीएसआय पुरते. मी अठरा केली. मास्तर एक चक्कर मारून आले आणि काही न बोलता आणखी एक चक्कर मारायला गेले.

नेमकी हवा ठरवायची बाबांची पद्धत आम्ही आजही वापरतो. टायरच्या तोंडावर आडवी खडूची रेघ ओढायची, थोडं अंतर गाडी चालवायची आणि बघायचं. मधला खडू आधी गेला तर हवा जास्त, दोन्ही कडांचा आधी गेला तर कमी, एकाच कडेचा गेला तर अलाइनमेंटकडे बघा. ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी आता टायरचं तापमान मोजायचं सुईचं थर्मामीटरही घेतलंय, आत-मध्ये-बाहेर तीन आकडे देतं. पण खडू स्वस्त आहे आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

मास्तरांनी ही गोष्ट त्यांच्या मंडळात सांगितली, बिलासकट. मला वाटलं धंदा बसला. झालं उलटंच. "तोच तो, चुकल्यावर पैसे भरणारा" अशी ओळख झाली आणि हलक्या गाड्यांची रांग लागली. २०१४ पर्यंत आम्ही फिएस्टांची कामं जवळजवळ बंद केली होती.

येणारे बहुतेक सगळे मोठं, रुंद चाक मागायला येतात. मी आधी खुर्ची देतो आणि कागद काढतो. चौदा इंचीवर १८५/६० असेल आणि पंधरावर जायचंच असेल तर १९५/५० घ्या, ५७८ चे ५७६ होतात, स्पीडोमीटरला पत्ता लागत नाही. तिथेच १९५/४५ घातला तर चाक ५५७ च्या आत येतं. गाडी दहा मिलिमीटर खाली बसते, जी आधीच जमिनीला चिकटलेली असते. गिअर आखूड झाल्यासारखे होतात, जिथे इंजिन साडेतीन हजारांवर फिरायचं तिथे ते छत्तीसशेच्या पुढे फिरतं. डोंगरचढणीच्या शर्यतीला, शेल्सली वॉल्शला वगैरे जाणाऱ्याला हे आवडेल. बायकोला घेऊन वेल्सला जाणाऱ्याचे कान किटतील.

आणि वजन. आमच्या काट्यावर तेरा इंची रिम टायरसकट साधारण अकरा-बारा किलो भरतो, पंधरा इंची पंधरा-सोळा. चार किलो म्हणजे काय मोठं, असं गिऱ्हाईक म्हणतं. पण या गाडीच्या एका कोपऱ्यावर जेमतेम एकशे चाळीस किलो असतात. जड चाक खड्ड्यातून उसळलं की त्याला पुन्हा रस्त्यावर दाबायला वर वजनच नाही. मोठ्या गाडीत झाकून जाणारं इथे थेट तुमच्या पाठीला कळतं. रुंदीचंही तसंच. हलक्या गाडीखाली रुंद टायर तापत नाही, आणि न तापलेलं रबर पकड देत नाही. पावसात तर तो पाण्यावर तरंगतो, आणि इथे पाऊस आपल्यासारखा जूनची वाट बघत नाही. कॅटरहॅमनेच २०१३ मध्ये सुझुकीचं ६६० सीसी इंजिन घालून १६० नावाची गाडी काढली, तिला टायर दिले १५५ रुंदीचे. सुझुकीचं इंजिन, म्हणजे मारुतीच्या भावकीतलंच. मी ती चालवून आलो आणि आठवडाभर सगळ्यांना तेच सांगत होतो.

ऑफसेटबद्दल, म्हणजे रिम हबवर किती आत-बाहेर बसतो त्याबद्दल, लिहायला बसलो तर हा लेख संपायचा नाही. एवढंच सांगतो, रिम घेण्याआधी फोन करा. फोर्डच्या चार स्टडच्या हबवर स्टड १०८ मिलिमीटरच्या वर्तुळात असतात, पहिल्या माझदा एमएक्स-५ ला १००. एकदा एकाने इंटरनेटवरून स्वस्तात रिम आणले, आठ मिलिमीटर "ओढून ताणून" बसवा म्हणाला. आम्ही ते रिम आणि त्याला, दोघांनाही परत पाठवलं.

कोव्हिडमध्ये दुकान चार महिने बंद होतं, पण लोक घरात बसून किट जोडत होते, त्यामुळे नंतरची दोन वर्षं श्वास घ्यायला फुरसत नव्हती. खरा धक्का २०२३ चा. मेल्कशममधला एव्हनचा टायर कारखाना त्या वर्षाच्या अखेरीस बंद झाला. शंभराहून अधिक वर्षं तिथे टायर बनत होते आणि हलक्या गाड्यांचे कितीतरी टायर तिथलेच. तेरा इंचीत आता निवड कमी होत चाललीय. ज्यांना बारा वर्षं "तेरावरच राहा" म्हणून सांगितलं, ते येऊन विचारतात, आता काय? काहींना मीच पंधरावर नेलं, स्पीडोमीटर नव्याने लावून, मागच्या मडगार्डची फट दोन माणसं आणि एक वाळूचं पोतं बसवून मोजून. काहींना नव्या टायरसाठी थांबायला सांगितलं. या गाड्या वर्षाला दीड-दोन हजार मैल फिरतात, टायर झिजण्याआधी कडक होतो. म्हणून नक्षी बघू नका, कडेवरचे चार आकडे बघा. २२१८ म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा.

आज सुताराची अख्खी शेड आमच्याकडे आहे. दोन लिफ्ट, मी, बायको आणि दोन पोरं, त्यातला एक मास्तरांचा नातू.

मागच्या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदा इकडे आले. मास्तर मुद्दाम गाडी घेऊन आले होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून चारही टायर अंगठ्याने दाबले आणि मान डोलावली. मग मागे टांगलेल्या स्टेपनीपाशी थांबले.

"ह्यात हवा किती हाय, बघितलंस कधी?"

गेज लावला. सहा.