घाटात मागे पडणारा पोरगा

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत मी सायकलवर नसतो, मागच्या जीपमध्ये असतो. मांडीवर सुटी चाकं, पायाशी पाण्याच्या बाटल्या आणि पुढे डोळे ताणून बघणं, हे माझं काम. त्या वर्षी माझे दोन पोरगे शर्यतीत होते, एक सांगलीचा आणि एक नाशिकचा.

सांगलीचा म्हणजे कागदावर हिरा. वजन 62 किलो, वीस मिनिटं पूर्ण जोर लावायच्या टेस्टला सरासरी 310 वॉट ताकद, म्हणजे वजनाच्या किलोमागे बरोब्बर 5. नाशिककर 71 किलोचा, त्याचे वॉट जवळपास तेवढेच, पण भागाकार केला की 4.3 वर येणार. सपाटीवर हा फरक फारसा जाणवत नाही. ताशी चाळीसच्या वेगाला बहुतेक ताकद वाऱ्याशी झगडण्यात जाते, तिथे वजनाला कोण विचारतो? घाटात मात्र प्रत्येक किलो स्वतःच वर न्यावा लागतो. खोपोली ते खंडाळा पाचशे मीटरच्या आसपास चढ आहे. त्यामुळे नाशिककर बोरघाटात मागे सुटणार, हे आमच्या जीपमध्ये सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

खोपोली यायच्या आधीच तो बंचच्या, म्हणजे सायकलस्वारांच्या मुख्य घोळक्याच्या, डाव्या कडेने सरकत सरकत पुढे आला. चढ लागला तेव्हा पहिल्या चार-पाचांत होता. आणि मग मागे पडायला लागला. एकेक जण त्याच्या बाजूने पुढे जातोय आणि हा गडी हँडलच्या वरच्या दांडीवर हात ठेवून, खांदे सैल सोडून निवांत बसलेला. मेकॅनिक म्हणाला, "गेला हा." मी त्याचे पाय बघत होतो. लय जराही तुटली नव्हती. प्रत्येक वळणावर दोन-तीन जागा सोडायच्या, पण शेवटच्या माणसाचं चाक सोडायचं नाही! पुढून सुरुवात करून शेपटाला घाट संपवायचा. म्हणजे बंचइतकाच घाट चढायचा, पण बंचपेक्षा थोडा हळू. वाचलेले वॉट खिशात. हे त्याला मी शिकवलं नव्हतं. वजनदार पोरं मार खाऊन खाऊन स्वतःच शिकतात.

मध्येच शिंग्रोबाचं देऊळ आलं. आमच्या ड्रायव्हरने शर्यतीच्या धामधुमीतही नाणं टाकलंच. त्याला कोण अडवणार?

सांगलीकर तोवर एकटाच अटॅक करून, म्हणजे अचानक जोर लावून, बंच सोडून पुढे निघून गेला होता. माथ्यावर पहिला पोचणारा तो घाटाचा राजा. तो मान त्यालाच मिळाला, रुबाबात मिळाला. पण माथ्यावर थांबून मागच्यांची सोबत घ्यायची सोडून तसाच पुढे सुटला. लोणावळ्यानंतर समोरून वारा. मागे दहा-बाराजण आळीपाळीने पुढे येऊन वारा झेलत येत होते. दुसऱ्याच्या चाकाला चिकटलेल्याची ताकद पाव ते तृतीयांश वाचते, आणि हा बिचारा सगळा वारा एकटा खात होता. कामशेतच्या पुढे त्याला गाठलं. नुसतं गाठलं नाही, तो घोळक्याच्या मागे लटकला आणि दोन मिनिटांत तिथूनही मागे पडला. मी बाटली दिली, तेव्हा झाकण दातांनी उघडायचंही त्राण नव्हतं. खिशातले केळी-खजूर तसेच होते. तासाला साठेक ग्रॅम साखर पोटात जायला हवी, हे त्याला तोंडपाठ आहे. पण एकटा पुढे असलेला माणूस खायला हात सोडत नाही.

पुण्यात नाशिककर दुसरा आला. शेवटच्या वळणाला तो तिसऱ्या जागेवर होता, जागा झकास होती. पण शेवटच्या धावेला उठला रेषेला तीनशे मीटर उरले असतानाच, तेही समोरून वारा असताना. त्याच्या पाठीमागे दडलेला एक मुरलेला गडी शेवटच्या पन्नास मीटरमध्ये बाजूने निघाला आणि अर्ध्या चाकाने जिंकला. नाशिककर सायकलवरून उतरायच्या आधीच शिव्या घालत होता, स्वतःलाच. "दोनशेला उठायचं होतं सर, दोनशेला!"

सांगलीकराने घाटाच्या राजाचा चषक जीपमध्ये टाकला आणि विचारलं, "तो घाटात माझ्या किती मागे होता?"

"चांगला चार मिनिटं."

"मग आता पुढे कसा?"

मी त्याला शेपटाचा हिशोब सांगितला. पटला. पुढच्याच आठवड्यात कात्रजच्या घाटात सरावाला त्याला मुद्दाम सगळ्यांत पुढे लावलं आणि सांगितलं, माथ्यापर्यंत शेवटचा हो. माथ्यावर पोचलो, तर हा पुन्हा पहिलाच. म्हणे, "सर, पाय थांबतच नाहीत."